स्क्रॅपच्या ट्रकमधलं युद्धाचं मीटर

जालन्यात एका सळईच्या कारखान्यात स्क्रॅप यार्डला आहे मी. गेटवर रेडिएशन मॉनिटर आहे, भट्टीत चुकून किरणोत्सारी काही जाऊ नये म्हणून. एरवी तो कधी वाजत नाही, त्या दिवशी मुंबईकडून आलेल्या मिक्स भंगाराच्या ट्रकवर वाजला. ट्रक बाजूला लावला, माणसं लांब केली आणि हातातलं सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, घेऊन एकेक थर उतरवत गेलो तर रिव्हेटच्या रांगा असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांखाली तळहाताएवढं गोल घड्याळ. विमानाचं उंची दाखवणारं मीटर, अल्टिमीटर. मागच्या प्लेटवर ए.ए.एफ., म्हणजे अमेरिकेचं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं हवाई दल. आकडे पार तपकिरी पडलेले, अंधारात नेलं तरी काही चमकत नव्हतं, आणि सर्व्हे मीटर मात्र जवळ नेलं की थांबायलाच तयार नाही!

रात्री आकडे दिसावेत म्हणून तेव्हा किरणोत्सारी रेडियमचा रंग लावायचे. चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत थकतं, रेडियम नाही, ते निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. भट्टीत गेलं असतं तर बरंचसं मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या गाळात (स्लॅग), उतरलं असतं आणि ती मळी उचलणाऱ्या पोरांना कोण सांगणार होतं?

युद्ध संपल्यावर हा विमानांचा माल मोडायचाच ठरलेला. कानपूरला तर ब्रिटिशांनी लिबरेटर नावाचे अमेरिकी बॉम्बर मुद्दाम निकामी केले, तरी एचएएल या आपल्या विमान कंपनीने त्यातले चाळीसएक उभे केले, 1948 ला आपल्या हवाई दलाची 5 नंबर स्क्वॉड्रन त्यावर उभी राहिली आणि ती विमानं 1968 पर्यंत उडाली. मला याचा फार अभिमान वाटतो. पण सुटे मीटर, रेडिओ, वायरी डिस्पोजलमध्ये, म्हणजे उरलेल्या लष्करी मालाच्या विक्रीत, गेल्या, तिथून बाजारात, माळ्यावर, कोणाच्या कपाटात, आणि रेडियमबद्दल कोणी कोणाला सांगितलं नाही.

ग्लोव्हज, मास्क घालून ते दुहेरी पिशवीत सील केलं, डब्यात ठेवलं, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. माल पाठवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, साहेब अजून होते की तसले, लोक शोभेला घेऊन गेले. कोणाकडे असेल तर कृपा करून काच उघडू नका, आकडे घासून साफ करू नका, पोरांच्या हातात देऊ नका आणि भंगारात तर अजिबात टाकू नका.