आज्जीला गप्प केलं ते मी

"डॉक्टर, लहान पोरांचं चांगलं चाललं होतं की ओ. हे मेंटलचं कशाला धरलंत?"

मी आधी बालरोगतज्ज्ञ होतो, मग मुलांच्या मनाचा डॉक्टर झालो. तेव्हापासून बेळगावात हा प्रश्न पाठ सोडत नाही: टिळकवाडीत चहा पिताना, शहापुरात साडी घेताना, लग्नात पंगतीला बसल्यावर सुद्धा. एका सोयऱ्यानं तर कानात विचारलं, "प्रॅक्टिस बसली काय?" नाही बसली. लशी, जुलाब, बाळदमा, ओपीडी दुपारी तीनपर्यंत हलायची नाही. दुसरं एक उत्तर लोकांना फार आवडतं, मुलांच्या मनाची तळमळ वगैरे. सत्कारात मीही ते दिलंय. तेही खोटं. खरं सांगायचं टाळतो, कारण त्यात मी बरा दिसत नाही.

खानापूरकडचा पोरगा, अडीच वर्षांचा. बोलत नव्हता. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, मोबाईलवर इंग्रजी गाणी. मी मागून टाळी वाजवली, वळला नाही. पेल्यावर चमचा वाजवला, वळला. झालं, कान ठीक. (कान असे तपासत नाहीत हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बाहेर चाळीस पेशंट होते.) म्हटलं, "तीन भाषांत गोंधळलंय पोर. एकच भाषा ठेवा. पुढं शाळा कन्नड, तर घरातही कन्नडच बोला. मुलगे उशिराच बोलतात."

सगळ्यांना लगेच पटलं. आपल्याकडं कशाचंही खापर भाषेवर फोडलं की पटतंच. मलाही पटलं होतं.

१४ महिन्यांनी परत आले. यावेळी आज्जीही होती. पोरगा टेबलाखाली खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत बसला. हाक मारली तर ढिम्म. बोट करून काही दाखवायचा नाही. काही हवं असलं की आईचं मनगट धरायचा आणि तिचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा, चिमटा वापरावा तसा. हे आधीही होतं का, विचारलं. आई म्हणाली, "होतं की. तुम्ही विचारलं नाही."

बेरा, म्हणजे यंत्रावरची कानांची तपासणी, करून घेतली, कान खरंच ठीक होते. स्वमग्नता (ऑटिझम) होती. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० साध्या प्रश्नांची यादी असते: बोट दाखवतो का, हाकेला वळतो का, असले प्रश्न. निदान नव्हे, पण शंका तर आली असती. दहा मिनिटांचं काम.

मग बापानं सहज सांगितलं. आज्जीला कन्नड येत नाही, म्हणून तिनं नातवाशी बोलणंच सोडलं होतं. चिऊचा घास, काऊचा घास बंद. भरवायची, पण तोंड मिटून. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. आज्जी दारातच उभी होती. म्हणाली, "मग आता बोलू काय ओ मी त्याच्यासंगं?"

मी "बोला" म्हटलं. एवढंच. माफी मागितली नाही, पुढचा पेशंट आत घेतला.

माझी बाजू अशी की त्या काळी हा सल्ला सर्रास दिला जायचा, परदेशातसुद्धा. दोन भाषांनी स्वमग्नता येत नाही, आणि स्वमग्न मुलंही दोन भाषा शिकू शकतात, हे मी पुढं वाचलं. पण बोट दाखवतो का, हे विचारायला कुठलं नवं संशोधन लागत होतं? लिओ कॅनरनं ११ मुलांची वर्णनं १९४३ सालीच लिहून ठेवली होती. पुढं कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी आईच्या थंडपणाला दोष देत राहिली. ते वाचून मी हसायचो. त्यांनी आईला धरलं, मी आज्जीच्या भाषेला.

दोन वर्षांनी ओपीडी मित्राकडं सोपवून बेंगळुरूला बालमानसोपचार शिकायला गेलो. घरच्यांनी वेड्यात काढलं. परत आल्यावर "धारवाडला (तिथल्या मनोरुग्णालयात) पाठवायची पोरं इथंच बघतात" अशी ओळख झाली. त्यातून मी शहाणा झालो असं मात्र समजू नका. आता भाषेला निर्दोष सोडायची खोड लागलीय. मध्यंतरी शाळेत अवाक्षर न बोलणारी एक मुलगी आली. घरी बडबडी, शाळेत मुकी. मी मनातली भीती धरून महिनाभर तिच्यावर काम केलं. तिला नुसतं कन्नड येत नव्हतं.

तो पोरगा आता बापाच्या खांद्याला लागलाय. मोजके शब्द बोलतो, पाणी आणि नीरू दोन्ही म्हणतो. आज्जी गेली. ते १४ महिने वाया गेले नसते तर तो किती बोलला असता, कुणालाच सांगता येणार नाही. माझ्यातला जुना डॉक्टर म्हणतो, फार फरक पडला नसता. त्याचं बरोबरही असेल. फक्त त्या आज्जीच्या तोंडावर हे म्हणायची त्याची तेव्हाही छाती झाली नाही.