सोलर पूलचं पाणी रातोरात गार का होतं?

पुणे-नाशिककडच्या थंडीत हे हमखास दिसतं: संध्याकाळी पूलचं पाणी २८ अंश, सकाळी २५.५. मग गच्चीवर पाणी तापवणारी आणखी सोलर पॅनेल चढवायचा विचार सुरू होतो. त्याआधी रात्रीचा हिशेब मांडा.

८ बाय ४ मीटर आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावतं. ते एक अंश तापवायला ५२ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते, म्हणजे अडीच अंशांत १३० युनिट गेली. जानेवारीत चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण ५ युनिट ऊन मिळतं. ते सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं (कुठल्याच पॅनेलला हे जमत नाही), तरी २६ चौरस मीटर पॅनेल नुसती रात्रीची तूट भरण्यात खर्ची पडतात.

यातली साधारण ७० टक्के उष्णता बाष्पीभवनाने जाते. या खोलीच्या पूलमधून १ मिलिमीटर पाणी उडालं की ०.४ अंश उतरलेच. कोरडा वारा असेल तर आणखी. म्हणून पहिला खर्च बबल कव्हरवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बुडबुडेवाल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर करावा. बुडबुड्यांची बाजू पाण्याकडे ठेवायची, कडा भिंतीला चिकटेल अशी कापायची आणि ऊन उतरताच पसरायचं. रात्री आठला घालण्यात अर्थ नाही. तोवर बरीच उष्णता गेलेली असते. काढलेलं कव्हर गुंडाळून उन्हात ठेवू नका, थरांमध्ये उष्णता कोंडून बुडबुडे फुटतात. शॉक क्लोरीन (एकदम जास्त मात्रेतलं क्लोरीन) दिल्यावर क्लोरीन उतरेपर्यंतही ते बाहेरच असू द्या. धबधबा किंवा ओव्हरफ्लोची कड रात्री बंद हवी, नाहीतर कव्हरचा निम्मा फायदा तिथेच जातो.

कव्हर घालूनही पाण्याची पातळी उतरतेय? पायरीवर बादली ठेवून ती पूलच्याच पाण्याने बाहेरच्या पातळीइतकी भरा. पंप बंद, कव्हर काढलेलं, दोन्हीकडे खूण. सकाळी पूल बादलीपेक्षा जास्त उतरला असेल तर गळती आहे.

शेवटी पंपाचा टायमर बघा. मे महिन्यात संध्याकाळी सहाला पंप बंद होईल असा लावलेला टायमर डिसेंबरमध्ये घातक ठरतो: पाचच्या सुमारास पॅनेलवर सावली येते आणि तापलेलं पाणी गच्चीवर जाऊन गार होऊन परततं. पॅनेलकडून परतीच्या पाइपला हात लावा. जाणाऱ्या पाइपपेक्षा तो गार लागला तर पंप तत्काळ बंद. पंप बंद असतानाही पहाटे पाइप कोमट लागत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) कचऱ्याने उघडा अडकलाय. तो उघडून साफ करा, रबर सील झिजलं असेल तर बदला.