गनिसनच्या तळाशी

शनिवार, १६ सप्टेंबर २०२३, कोलोरॅडो.

ब्लॅक कॅन्यनची दरी याआधी दोनदा कड्यावरून पाहिली होती. आज अखेर खाली, गनिसन नदीपर्यंत उतरलो. १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जागी नदीपर्यंत जाणारी बांधीव वाट आजही नाही. विनामूल्य परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या जबाबदारीवर घळीत शिरायचे, एवढीच सोय आहे, आणि मला ती पुरेशी वाटते.

मैलभरात सुमारे १,८०० फूट उतरावे लागते. साधारण एक तृतीयांश उतार संपल्यावर खडकाला अडकवलेली ८० फुटांची साखळी लागते आणि त्यापुढे निव्वळ घसारा. कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलो होतो, त्याची वारंवार आठवण झाली. मात्र तेव्हा गुडघे वीस वर्षांचे होते. तळाजवळ पॉयझन आयव्हीची कंबरभर उंच झुडपे आहेत. तीन-तीन पानांचे झुबके दिसायला निरुपद्रवी, पण अंगाला लागले तर खाजकुइली परवडली.

नदी हिरवट, थंडगार आणि विलक्षण गोंगाट करणारी आहे. येथे जिवंत आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम माशी किंवा चमकी वापरायची. वाशिष्ठीच्या काठी गांडूळ लावून गळ टाकायला शिकलेल्या मला हे अजून अंगवळणी पडलेले नाही. दोन तास दोरी फेकत राहिल्यावर एका मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात एक रेनबो ट्राउट लागला. हात ओले करून त्याला धरले: कुशीवर गुलाबी पट्टा, पाठीवर काळे ठिपके, आणि कल्ल्यांची संथ उघडझाप. रेनबो ठेवून घ्यायला येथे बंदी आहे, म्हणून त्याचे तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवले; त्याने शेपटीचा एक झटका दिला आणि तो दिसेनासा झाला.

वर यायला तीन तास लागले. सोबत घेतलेले चार लिटर पाणी साखळीपाशीच संपले, यात दोष माझाच.

रात्री चिपळूणला फोन केला. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सोडायचाच होता, तर एवढा खाली उतरलास कशाला?" मी कड्यांचे, पाण्याचे वर्णन करू लागलो, तोवर तिने फोन अण्णांकडे दिला. त्यांनी फक्त मासा केवढा होता ते विचारले. मी हाताने दाखवला. मग फोनवर दिसत नाही हे लक्षात आले.