रिकामी खुर्ची मांडताना

१५ नोव्हेंबर हा तुरुंगातल्या लेखकांचा दिवस. पेन इंटरनॅशनल ही लेखकांची संस्था तो १९८१ पासून पाळते. इंदूरच्या एखाद्या मराठी वाचनालयात कार्यक्रम करायचा तर मंचावर तुरुंगातल्या एका लेखकाच्या नावाने एक खुर्ची रिकामी ठेवा. २०१० साली ऑस्लोत, चीनच्या तुरुंगात असलेले लेखक लिऊ शिआबो यांचं नोबेल पदक अशाच खुर्चीवर ठेवलं होतं. खुर्चीला कागद मात्र बांधाच: नाव, कधीपासून आत, आरोप काय, शिक्षा किती. नाहीतर कोणीतरी उशिरा आलेल्या पाहुण्यांना तिथेच बसवतो.

नाव आदल्या रात्री पुन्हा तपासा. अल्जेरियाचे बुआलेम सान्साल यांना मार्च २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १२ नोव्हेंबरला ते माफी मिळून सुटले. ज्यांनी आधीच फ्लेक्स छापला असेल त्यांची फजिती. आणि फक्त परदेशी नावं नकोत. तेलुगू कवी वरवरा राव २०१८ मध्ये पकडले गेले, २०२२ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून जामीन मिळाला. हे टाळून केलेला कार्यक्रम आमच्या मते भित्रा.

भाषणं आवरा (अध्यक्षीय समारोप तर नकोच), कैदेतल्या लेखकांना पत्रं लिहायला तासभर द्या. पत्र आधी तुरुंगाचा अधिकारी वाचतो. त्याला भाषा कळली नाही तर ते पडून राहतं, म्हणून मराठीऐवजी त्या देशाच्या भाषेत किंवा इंग्रजीत लिहा. एकच पान, सुवाच्य अक्षर. पिना, चकचकीत स्टिकर नकोत. खटला, सरकार, संस्थेचं नाव यांतलं काही नको. माळव्याची थंडी, सराफ्यातले तळलेले गराडू, सध्या काय वाचताय, एवढं पुरे. उत्तर मागू नका. कैद्याला ठरावीकच पत्रं लिहू देतात. पाकिटामागे घरचा नको, वाचनालयाचा पत्ता घाला.

सरकारला लिहायचं पत्र वेगळं, तिथे मागणी स्पष्ट पण भाषा अदबीची. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिने सक्तमजुरी झाली, तेव्हा मॅक्स म्युलर यांनी दयेच्या अर्जावर सही केली होती. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी, पण अटींवर सुटले.

काहींना मात्र पत्र पाठवताच येत नाही. इरिट्रियाचे पत्रकार दावित इसाक सप्टेंबर २००१ पासून खटल्याविना आत आहेत आणि कुठे ठेवलंय ते सरकार सांगत नाही. त्यांच्यासाठी लिहायचं ते वकिलातीला, आणि दरवर्षी नव्याने.