वाळूचे माहेर शोधताना : बेळगाव ते कारवार

बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा असे करत अणशी घाट उतरून मी कारवारला अनेकदा गेलो आहे. या वेळी सोबत भूगर्भशास्त्र शिकवणारे काका होते आणि गाडीत वाळूसाठी रिकाम्या पिशव्या होत्या. किनाऱ्यावरची वाळू कोणत्या खडकाची, हे तिच्यातील नैसर्गिक किरणोत्सारावरून ताडता येते, असे ते नेहमी सांगत.

बेळगाव शहराखालच्या काळ्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम ही नैसर्गिक किरणोत्सार देणारी मूलद्रव्ये फार थोडी असतात. ग्रॅनाइटमध्ये ती कितीतरी अधिक असतात. खडक झिजून नदीला मिळाला तरी फेल्डस्पार आणि अभ्रक या खनिजांतील पोटॅशियम, मोनाझाइट या जड खनिजातील थोरियम व झिरकॉन या जड खनिजातील युरेनियम कणांसोबतच वाहत जाते. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १,४०० कोटी वर्षांचे असल्याने नदीच्या प्रवासात ते जराही उणावत नाही.

खानापुरात मलप्रभेच्या पात्रात पिशवी भरताना एका आजोबांनी विचारले, "पावणं, वाळू कशाला नेतासा?"

"हिचं माहेर शोधायचंय, आजोबा," काका म्हणाले.

मलप्रभेची वाळू कृष्णेकडे, पूर्वेला जाते. ती कारवारला कधीच पोहोचत नाही. तुलनेसाठी मात्र अशीच परकी वाळू हवी होती. पुढे सुपा धरण लागले तेव्हा जाणवले, की कारवारला समुद्राला मिळणाऱ्या काली नदीने वरून आणलेली वाळू इथेच अडते आणि मुखाशी असलेल्या वाळूत धरणाच्या खालच्या भागाचा वाटा त्यामुळे वाढत असणार. याच नदीकाठी कैगा अणुवीज केंद्र असल्यामुळे किरणोत्सार म्हटले की लोक दचकतात. आम्ही मोजणार होतो तो मात्र दगडांच्या जन्मापासूनचा आहे.

कारवारच्या किनाऱ्यावर वाळूत काळसर पट्टे दिसले आणि मी उत्साहाने त्यातच फावडे घातले. काकांनी मला थांबवले. लाटा हलके क्वार्ट्झ वाहून नेतात आणि जड कण मागे ठेवतात, त्यामुळे अशा पट्ट्यात थोरियम वाढते, पण ते लाटांचे काम असते, उगमाची खूण नव्हे. शंखशिंपल्यांचा चुरा उलट सारेच आकडे खाली ओढतो. म्हणून एकूण किरणोत्सारापेक्षा तिन्ही मूलद्रव्यांची परस्पर गुणोत्तरे पाहायची आणि सगळीकडून एकाच जाडीचे कण चाळून घ्यायचे, हे त्यांनी मला तिथेच वाळूत बसवून शिकवले. दुपारभर आम्ही चाळत होतो.

घरी परतल्यावर नमुने वाळवून हवाबंद डब्यांत भरले आहेत. युरेनियमच्या क्षयातून तयार होणारा रेडॉन वायू बाहेर न निसटता त्याची अपत्ये, म्हणजे त्याच्या क्षयातून बनणारी मूलद्रव्ये, समतोलाला यावीत, यासाठी सुमारे महिनाभर थांबावे लागते. त्यानंतरच गॅमा किरणांची मोजणी होईल. आज नववा दिवस आहे.