निकॉनचा जुना फिल्म स्कॅनर विंडोज ११ वर चालवताना

'नव्या विंडोजवर हा चालायचा नाही, भंगारात द्या,' असं दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं, ते मला पटलं नाही. निकॉनचा कूलस्कॅन फाइव्ह ईडी, म्हणजे एलएस-५०, ३५ एमएम फिल्मची फ्रेम ४००० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४००० ठिपके इतक्या बारकाईने वाचतो. त्यातून साधारण ५६०० बाय ३७०० पिक्सेलचा फोटो मिळतो. वडिलांनी काढलेल्या रोलच्या निगेटिव्ह कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरायला लागल्या होत्या, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता.

जोडणी सोपी आहे. प्रिंटरला असते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल लागते. मी ती हबमधून न नेता थेट कॉम्प्युटरला लावली. स्कॅनरचा दिवा लुकलुकून स्थिर झाला, पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, नावापुढे पिवळं चिन्ह. म्हणजे यंत्र ठणठणीत, अडलंय ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे विंडोजला यंत्राशी बोलता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमपाशी. निकॉन स्कॅन ४.०.३ हे कंपनीचं सॉफ्टवेअर व्हिस्टा या जुन्या विंडोजच्या ३२ बिट आवृत्तीपर्यंतच आलं. त्याची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची फाइल) बदलून ते विंडोज ११ सारख्या ६४ बिट विंडोजवर चालवणारे लोक आहेत, पण त्यासाठी ड्रायव्हर खात्रीचा आहे का हे बघणारी विंडोजची ड्रायव्हर-सही तपासणी बंद करावी लागते. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर मी हे करणार नाही.

मी व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. ते स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. पिवळं चिन्ह गेलं आणि स्कॅनर लगेच ओळखला गेला. फिल्मसाठी त्याची प्रोफेशनल आवृत्ती लागते. पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीवर एक पट्टी करून बघा. फोटोवर वॉटरमार्क येतो, पण जोडणीची खात्री पटते.

खरा वेळ रंगांनी खाल्ला. रंगीत निगेटिव्हचा तळ नारिंगी असतो आणि प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमला तो नव्याने अंदाजतो, म्हणून एकाच लग्नातला शालू दर फोटोत वेगळा दिसायचा. त्यावर उपाय असा: पट्टीच्या टोकाचा कोरा भाग प्रिव्ह्यूत निवडायचा, आधी एक्स्पोजर (प्रकाशाचं प्रमाण) लॉक करायचं, मग फिल्म बेस कलर (तळाचा रंग) लॉक करायचा. त्यानंतर पूर्ण रोल एका रंगात आला. शालूची जांभळी छटा पहिल्यांदा नीट दिसली, तेव्हा आईला हाक मारून दाखवली.

धूळ आणि ओरखडे इन्फ्रारेड किरणांनी ओळखले जातात. रंगीत फिल्ममधून हे किरण आरपार जातात, धूळ त्यांना अडवते. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही किरण अडवते, त्यामुळे प्रोग्रॅम चित्रालाच धूळ समजून पुसायला जातो. तिथे ही सोय बंदच ठेवावी.

वळलेली पट्टी फीडरमध्ये ढकलू नका, अडकते. जड पुस्तकाखाली काही दिवस सपाट होऊ द्या. आणि साधी जेपीजी न ठेवता इन्फ्रारेडसकट रॉ फाइल, म्हणजे स्कॅनरने वाचलेली कच्ची माहिती, ठेवा. दीडशे एमबीच्या वर जाते, पण रंग पुन्हा बसवायचे झाले तर पट्टीला हात लावावा लागत नाही. सध्या माझ्या रंगीत पट्ट्या चालू आहेत. कृष्णधवल मागून घेईन, त्यांची धूळ एकेक ठिपका हातानेच काढायची आहे.