पोरींचे बाबा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. "पोरी कायले फिरतात बैल घेऊन?" म्हणणाऱ्या आमच्या गावात ह्यांनी धाकटीसाठी सागाचा बैल स्वतः तासला. एक शिंग वाकडंच झालं. "मारका हाय तो," म्हणाले, अन् तिला घेऊन सगळ्यांच्या पुढं चालले.

संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायचे. खंजिरी छान वाजवत. गळा मात्र, खरं सांगते, बेसूर! कापूस विकून आले की आधी चिवड्याची पुडी, मग हिशोब. तुरीच्या भावावरून व्यापाऱ्याशी तासभर भांडणारा हा माणूस माझ्या चहाला कधी नावं ठेवू शकला नाही. मी साखर विसरले तरी गपचूप प्यायचे.